किती कोटींचं ते कळलं, कशासाठी तो कागद कुठाय?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. विषय कुठल्या एका पक्षाचा नाही, त्यामुळे खाली एकमेकांना टॅग करून भांडू नका ही विनंती.

आपल्या शिर्डीत गेल्या काही वर्षांत मोठ्या कामांची रांग लागली. १ ऑक्टोबर २०१७ ला काकडीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यासाठी राष्ट्रपती आले. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईहून वंदे भारत आली. २६ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधान आले. दर्शनरांग संकुल आणि निळवंडेचा डावा कालवा, दोन्ही एकाच दिवशी झाले. ९ ऑक्टोबर २०२४ ला विमानतळाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली. ६४५ कोटींहून जास्तीचं काम.

यातलं प्रत्येक काम गरजेचं असू शकतं. मी विरोध करायला बसलेलो नाही. पण इतकी वर्षं गावात पत्रकारिता करताना एक गोष्ट सतत जाणवते. किती कोटींचं काम, कुणाच्या हस्ते, किती तारखेला, हे सगळं प्रेसनोटमध्ये असतं. हे काम का करायचं, दुसरा काही मार्ग होता का, फायदा कुणाला, किती आणि कधीपासून, आणि ठरलं तसं झालं नाही तर कोण उत्तर देणार, हे कुठेच नसतं. कंपन्यांमध्ये या कागदाला 'बिझनेस केस' म्हणतात. आपल्याकडे तो डीपीआरच्या जाडजूड गठ्ठ्यात कुठेतरी असतो, किंवा नसतोच.

बिझनेस केस म्हणजे काय ते इंग्रजी पुस्तकातून सांगण्यापेक्षा आपल्याच गावातलं सांगतो.

नगर-मनमाड रोडला माझ्या ओळखीचे एक लॉजवाले आहेत. नाव नको, त्यांनाही आवडणार नाही. २०१९ मध्ये त्यांना दोन मजले वाढवायचे होते, प्रत्येकी सहा अशा बारा खोल्या. शिकले दहावीपर्यंत, पण वही पक्की. मी गेलो तेव्हा त्यांनी ती वही पुढे ठेवली. पहिल्या पानावर गरज: गुरुवार, शनिवार-रविवार आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा या दिवसांत किती गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं, तारखेनिशी. दुसऱ्या पानावर पर्याय: बांधायचं, शेजारचं लॉज भाड्याने चालवायला घ्यायचं, की काहीच करायचं नाही. तिसऱ्या पानावर बँकेचा हप्ता, आणि खोल्या निम्म्या रिकाम्या राहिल्या तर हप्ता कुठून भरायचा. चौथ्या पानावर एकच ओळ: 'पहिला मजला झाल्यावर सहा महिने थांबायचं. भरणा बघायचा. मगच वरचा स्लॅब.'

मी म्हटलं, "अण्णा, कॉन्ट्रॅक्टर तर म्हणतोय एकदमच करा, स्वस्त पडेल."

ते म्हणाले, "त्याला स्वस्त पडंल. हप्ता मला भरायचाय."

पहिला मजला झाला. ते थांबले. १७ मार्च २०२० ला मंदिर बंद झालं ते थेट १६ नोव्हेंबरला उघडलं. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला पुन्हा बंद, उघडलं ७ ऑक्टोबरला. त्या दोन वर्षांत गावातल्या किती लॉजवर 'विकणे आहे'चे बोर्ड लागले ते तुम्ही बघितलंय. अण्णा तगले. मी एकदा त्यांच्या वहीचं कौतुक केलं तर म्हणाले, "कोरोना काय माझ्या वहीत लिहिलेला नव्हता. पण थांबायचं लिहिलेलं होतं."

हीच बिझनेस केस. भविष्य कुणालाच दिसत नाही. पण काम का सुरू केलं, कशाच्या भरवशावर केलं आणि कुठल्या टप्प्यावर पुन्हा विचार करायचा, हे आधी लिहिलेलं असलं की माणूस वाहवत जात नाही. आणि ही वही सुरुवातीला बँकेला दाखवून कपाटात ठेवायची नसते. काम चालू असताना दर टप्प्याला ती उघडायची असते. मंजुरीपुरता केलेला कागद आणि कामाला दिशा देणारा कागद यात एवढाच फरक आहे, पण तो मोठा आहे.

आता वहीशिवायचं उदाहरण. निळवंडे.

या धरणाची कल्पना १९७० ची. तेव्हाची मान्यता ७ कोटी ९३ लाखांची. आधी जागा म्हाळादेवीला होती, मग ती वर निळवंडेला सरकली. धरण झालं, ८.३२ टीएमसी पाणी साठायला लागलं, पण कालवे नव्हते. ३१ मे २०२३ ला डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लोकार्पण झालं तेव्हा प्रकल्पाचा खर्च सांगितला गेला ५ हजार १७७ कोटी. लाभ ७ तालुक्यांतल्या १८२ गावांना, सहा आपल्या जिल्ह्यातले आणि एक नाशिकचा.

भाषणात सगळे म्हणतात, '८ कोटींचं धरण ५ हजार कोटींवर गेलं, साडेसहाशे पट!' टाळी पडते. पण पत्रकार म्हणून मला ती तुलना अर्धवट वाटते. ५३ वर्षांत महागाई ५० पट धरली तरी ८ कोटींचे ४०० कोटी होतात. उरलेले पावणेपाच हजार कोटी महागाईने आलेले नाहीत. जागा बदलली, धरणाचं आणि कालव्यांचं स्वरूप बदललं, पुनर्वसन आलं, बंदिस्त पाइपची वितरण व्यवस्था आली. म्हणजे १९७० ला मंजूर झालेलं काम आणि २०२३ ला लोकार्पण झालेलं काम एक राहिलंच नाही, नाव तेवढं एक राहिलं. मधल्या काळात खर्चाचा आकडा सुधारत गेला. सरकारी भाषेत याला 'सुप्रमा' म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता. माझा प्रश्न असा आहे की दर सुप्रमेला खर्चाचा आकडा सुधारला, तसा लाभाचा हिशोब पुन्हा मांडला गेला का? आणि मांडला असेल तर ज्यांच्यासाठी तो मांडला त्या १८२ गावांपैकी एकाच्या तरी ग्रामसभेत तो वाचून दाखवला का?

उशिराची किंमत आपल्याकडे कुणी धरत नाही, म्हणून जरा आकडेमोड करतो. पैशाला वर्षाला १० टक्के किंमत धरली, तर १० वर्षांनी मिळणारे १०० रुपये आजचे साधारण ३८-३९ रुपये होतात. ५० वर्षांनी मिळणारे १०० रुपये? आजचे ८५ पैसे. चहाची किंमत सोडा, साखरेची चिमूट येणार नाही. धरणात पाणी साठलं आणि कालवा नाही, याचा हिशोबात अर्थ असा की खर्च पूर्ण झाला आणि लाभ शून्य. घर बांधून दार ठेवायचं विसरावं तसं. जिरायत पट्ट्यातली एक अख्खी पिढी कालव्याच्या नकाशावरची रेघ बघत म्हातारी झाली. माझे मामा त्यातलेच. जमीन नावावर आठ एकर, आणि हयात गेली दुसऱ्याच्या बागायतीत उक्तं काम करण्यात. त्यांच्या त्या वर्षांचा आकडा कुठल्याच सुप्रमेत नाही.

कालवे शेवटी झाले त्यात आंदोलनांचा वाटा आहे, कालवा कृती समितीने औरंगाबाद खंडपीठात लावून धरलेल्या याचिकेचा आहे. २०१८ मध्ये आपल्या संस्थाननेही कालव्यांसाठी ५०० कोटी बिनव्याजी देण्याचा निर्णय घेतला. भाविकांनी हुंडीत टाकलेला पैसा शेतीच्या पाण्याला द्यावा की नाही, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला वाटतं प्रश्न 'द्यावा की नाही' एवढाच नव्हता. ५०० कोटींच्या बदल्यात किती किलोमीटर कालवा, कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या गावाला पाणी, हे एका पानावर लिहून मंदिराच्या भिंतीवर लावलं असतं तर देणाऱ्यालाही समाधान आणि घेणाऱ्यालाही धाक.

आता काही जण म्हणतील, 'भाऊ, सगळं नफा-तोट्यावर तोललं तर गरिबाच्या वाट्याला काय येणार? दुष्काळी भागातलं धरण कधी नफ्यात येतं का?' प्रश्न बरोबर आहे. आणि याचं उत्तर शोधण्याचं काम आपल्याच भागात झालंय, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही.

इंग्रजांच्या काळात पाटबंधाऱ्यांची कामं दोन प्रकारची असायची. एक 'उत्पादक', म्हणजे पाणीपट्टीतून भांडवलाचं व्याज निघेल अशी. दुसरी 'संरक्षक', म्हणजे दुष्काळात लोक वाचावेत म्हणून केलेली, तोट्यात जातील हे धरूनच. नांदूर मधमेश्वरहून निघालेले गोदावरीचे कालवे, ज्यातला उजवा आपल्या राहाता भागातून जातो, आणि भंडारदऱ्याच्या पाण्यावरचे प्रवरेचे कालवे हे दुसऱ्या प्रकारातले. पाणीपट्टीच्या वहीत ते तोट्याचे. मग ते बांधायला नको होते का?

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ यांनी हा प्रश्न घेतला आणि गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या प्रदेशाची पाहणी केली. तो अहवाल १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांनी नुसती पाणीपट्टी मोजली नाही. पाणी आल्यावर शेतात काय पिकलं, मजुराला काम किती मिळालं, व्यापार किती वाढला, असे थेट आणि आडून होणारे दोन्ही लाभ मोजायचा प्रयत्न केला. म्हणजे सरकारच्या तिजोरीत किती परत आलं हा एक हिशोब, आणि समाजाला किती मिळालं हा दुसरा. दुसरा हिशोब मांडायचा तर गावागावात फिरून, घरोघरी विचारून मांडावा लागतो. तो त्यांनी मांडला. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात उभे राहिले, त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

पुढे १९६४ मध्ये गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने शिफारस केली की पाटबंधारे प्रकल्प निवडताना नुसता तिजोरीचा परतावा बघू नका, आर्थिक लाभ बघा. आज कुठल्याही पाटबंधारे प्रकल्पाच्या कागदात 'लाभव्यय गुणोत्तर' नावाचा आकडा असतो. एक रुपया घातला तर समाजाला किती रुपयांचा लाभ, असा त्याचा साधा अर्थ. सर्वसाधारण प्रकल्पाला तो दीड लागतो आणि अवर्षणप्रवण भागासाठी एक असला तरी चालतो. बघा, हिशोब मांडूनसुद्धा दुष्काळी भागाला झुकतं माप देता येतं. फक्त ते माप किती झुकवलं हे लिहून ठेवावं लागतं. हिशोब गरिबाच्या विरोधात नसतो. हिशोब लपवला की मात्र तो ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला जातो.

त्याच कालव्यांनी आणखी एक धडा दिला. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून आणलेलं पाणी उसाला गेलं. भरभराट झाली, कारखाने उभे राहिले, आणि काही ठिकाणी अति पाण्याने जमिनी पाणथळ होऊन खारावल्या. म्हणजे कागदावरचा लाभ आणि प्रत्यक्षातला लाभ वेगळे निघाले, काही जास्त, काही उलटे. म्हणून काम झाल्यावर पुन्हा मोजायला जायचं असतं. गाडगीळांनी कालवे सुरू होऊन बरीच वर्षं झाल्यावर मोजणी केली. आपल्याकडच्या एखाद्या लोकार्पणानंतर पाच वर्षांनी कुणी मोजायला आलंय का? मला तरी अजून भेटलेलं नाही.

आता येऊ आजच्या विषयावर, विमानतळाच्या टर्मिनलवर.

या टर्मिनलचं डिझाइन बाबांच्या कडुनिंबाच्या झाडाच्या संकल्पनेवर आहे, हे पायाभरणीच्या वेळीच जाहीर झालं. चांगली गोष्ट आहे. पण झाडाचा आकार कळला तसा प्रवाशांचा अंदाज कळायला हवा. किती प्रवासी धरलेत, कुठल्या वर्षापर्यंत, आणि कशाच्या आधारावर?

हे विचारायचं कारण आहे. मुंबईहून येणारा एक साईभक्त डोळ्यांसमोर आणा. विमानतळाच्या अहवालात तो विमानाचा प्रवासी असू शकतो. वंदे भारतच्या हिशोबात तोच रेल्वेचा प्रवासी. समृद्धीच्या टोलच्या अंदाजात त्याचीच गाडी. ७०१ किलोमीटरचा, ५५ हजार कोटींच्या घरातला हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हापासून मुंबईच्या बाजूचं चित्र आणखी बदललं. पण माणूस एकच आहे आणि तो एका वेळी एकाच वाहनातून येणार. प्रत्येक प्रकल्पाने आपापल्या कागदात तोच भाविक मोजला असेल, तर एकाचे तीन झाले. तसं झालंय असा माझा आरोप नाही. झालं नाही एवढं दाखवणारा कागद समोर ठेवा, इतकंच म्हणणं आहे.

दुसरी गोष्ट. विमानतळ म्हणजे नुसती धावपट्टी आणि इमारत नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमी दृश्यमानतेमुळे कित्येक दिवस इथली विमानं बंद होती, आठवत असेल. रात्री पहिलं प्रवासी विमान उतरलं ८ एप्रिल २०२३ ला, म्हणजे उद्घाटनानंतर साडेपाच वर्षांनी. निळवंडेचा कालवा आणि विमानतळाची रात्रीची सोय, दोन्हीचा धडा सारखाच आहे. मोठा खर्च आधी होतो आणि लाभ ज्याच्यावर अवलंबून आहे ती शेवटची, तुलनेने लहान कडी मागे राहते. बिझनेस केस लिहिताना पहिला प्रश्नच हा पडतो: लाभ नक्की कुठल्या कडीपाशी सुरू होतो? ती कडी आधी धरा.

तिसरी गोष्ट काकडी गाव. ज्यांच्या जमिनीवर विमान उतरतं तेही जिरायत पट्ट्यातलंच गाव. त्यांच्या वाट्याचा लाभ म्हणून सुरुवातीला काय लिहिलं होतं, त्यातलं किती झालं, हे एका तक्त्यात मांडता येईल. दोनच रकाने लागतात, 'ठरलं' आणि 'झालं'.

जगात हे कुणी करत नाही असं नाही. ब्रिटनचं अर्थखातं मोठ्या सरकारी खर्चाला मंजुरी देताना पाच अंगांनी प्रकरण मांडायला लावतं. आणि तरीही मोठी कामं सगळीकडेच फसतात. बेंट फ्लिव्हबर्ग नावाच्या अभ्यासकाने जगभरच्या १६ हजारांवर प्रकल्पांची माहिती गोळा केली. ठरल्या खर्चात आणि ठरल्या वेळेत झालेले निघाले साडेआठ टक्के. खर्च, वेळ आणि लाभ तिन्ही जमलेले अर्धा टक्का. म्हणजे दोनशेत एक! तेव्हा आपलेच लोक नालायक आहेत असं समजायचं कारण नाही. पण दोनशेत एकच पास होतो हे माहीत असताना उत्तरपत्रिका कुणी तपासायचीच नाही, हे कसं चालेल?

मी स्वतः एका स्थानिक कामाचं समर्थन काय दिलंय ते बघायला माहिती अधिकारात अर्ज टाकला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही, मुद्दा एका कार्यालयाचा नाही. बऱ्याच पाठपुराव्यानंतर जे आलं त्यात अंदाजपत्रकाचा गोषवारा होता, नकाशा होता, दरसूचीनुसार लोखंड-सिमेंटचा हिशोब पैशापर्यंत होता. आणि 'प्रकल्पाचे लाभ' या मथळ्याखाली एक ओळ: 'भाविक व नागरिकांची सोय होईल.' बस. खर्चाला अनेक पानं आणि लाभाला एक ओळ.

म्हणून माझं म्हणणं असं. यापुढे आपल्या नगरपरिषदेत, ग्रामसभेत, संस्थानच्या किंवा शासनाच्या कुठल्याही मोठ्या कामाची घोषणा झाली की पाच प्रश्न विचारायचे. एक, अडचण नक्की काय आहे आणि ती किती जणांना आहे, आकड्यात सांगा. दोन, दुसरे कुठले पर्याय बघितले आणि ते का सोडले. 'काहीच न करणं' हाही पर्याय धरा. तीन, काम कोण करणार, कुठल्या अटींवर. चार, बांधायचे पैसे कुठून आणि बांधल्यावर दरवर्षी चालवायचे, दुरुस्तीचे पैसे कुठून. पाच, लाभ कुठल्या तारखेपासून, कुणाच्या सहीने, आणि कुठल्या टप्प्यावर थांबून फेरविचार.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच सांगितलंय की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी संबंधित माहिती प्रशासनाने स्वतःहून प्रसिद्ध करायची. कुणी अर्ज करायची वाट बघायची नाही.

अधिकारी मित्रांनाही सांगतो, हा कागद तुमच्या विरोधात नाही. उद्या पुढाऱ्याने मध्येच 'इथं आणखी एक कमान टाका' म्हटलं तर हाच कागद पुढे करून 'साहेब, यात बसत नाही' म्हणता येतं. काम भरकटू नये म्हणून तो असतो.

आणि आपण लोकांनीही एक सवय बदलू. कार्यक्रम संपल्यावर 'किती कोटींचं?' विचारतो, त्याच्या जोडीला 'कुणाला, कधीपासून?' हेही विचारू. निळवंडेच्या १८२ गावांत आता खरी कसोटी आहे ती पाणी शेताच्या बांधापर्यंत नेणाऱ्या वितरण व्यवस्थेची. प्रत्येक गावाने आपल्या चावडीवर एक फळा लावावा: आवर्तन कधी सुटलं, आपल्या शिवारात किती दिवस पाणी आलं, किती एकर भिजलं. सरकारी मोजणी आली तर उत्तम. नाही आली तर आपली नोंद तरी राहील.

ज्यांच्या घरी निळवंडेच्या जुन्या नोटिसा, भूसंपादनाचे कागद, लाभक्षेत्राचे नकाशे किंवा काकडीच्या जमिनीच्या वेळचे करार पडून असतील, त्यांनी फोटो काढून मला इनबॉक्स करा. नाव जाहीर करणार नाही. दोन रकान्यांचा तो तक्ता मी करायला घेतोय. 'ठरलं'चा रकाना तुमच्याच घरच्या कागदांवरून भरावा लागणार आहे.